फॉरमॅट मारायच्या आधी स्क्रीनवर काय आलंय ते वाचा

जुना पीसी बंद पडला की फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "फॉरमॅट मारायला किती घेशील?" फॉरमॅट म्हणजे डिस्क साफ पुसून विंडोज पहिल्यापासून टाकणं, थोडक्यात पेशंट स्वतःच ऑपरेशन ठरवून आलेला असतो, फक्त तारीख विचारायची बाकी. मागच्या पावसाळ्यात आमच्या रस्त्याच्या टोकाला डीटीपीचं दुकान आहे त्या काकांचा असाच फोन आला. गणपती आठ दिवसांवर, दोन मंडळांची पावतीपुस्तकं आणि एका पतसंस्थेचा अहवाल त्या मशीनमध्ये अडकलेला. मशीन म्हणजे पेंटियम फोर, त्यावर विंडोज एक्सपी, ८० जीबीची आयडीई म्हणजे रुंद पट्टीच्या केबलने जोडायच्या जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क, आणि मागे प्रिंटर पोर्टला जुन्या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे तो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशी किल्ली, लावलेला. नवीन मशीनला तो पोर्टच नसतो त्यामुळे "काका नवीन घ्या ना" हा सल्ला देणारे खूप भेटतात, पण युनिकोड म्हणजे सगळ्या मशीनवर सारखी दिसणारी मराठी येण्याच्या आधी टाइप केलेल्या पंधरा वर्षांच्या फायली नवीन मशीनवर उघडून कोणी दाखवत नाही.

मी म्हटलं काका पैशाचं नंतर बघू, स्क्रीनवर काय आलंय ते अक्षर न अक्षर वाचून दाखवा. "अरे काहीतरी इंग्लिशमध्ये आलंय." तेच वाचा म्हटलं. चष्मा शोधण्यात दोन मिनिटं गेली, मग म्हणाले, "ए डिस्क रीड एरर ऑकर्ड, प्रेस कंट्रोल ऑल्ट डिलीट टू रिस्टार्ट."

या एका ओळीवरून दुकानात पाऊल न टाकता मला कळलं की रॅम, प्रोसेसर, मदरबोर्ड बऱ्यापैकी ठीक आहेत, बायोसला डिस्क सापडलीय, डिस्कचा अगदी पहिला भाग वाचता आलाय, आणि गाडी त्याच्या थोडी पुढे जाऊन अडकलीय. कसं कळलं ते आता नीट सांगतो.

कोण कोणाला उठवतं

पीसी चालू होणं म्हणजे सकाळी घरातल्यांनी एकमेकांना हाक मारून उठवण्यासारखं आहे. पहिला आपला आपण उठतो, तो दुसऱ्याला हाक मारतो, दुसरा तिसऱ्याला. प्रत्येकाला फक्त पुढच्याचा पत्ता माहीत असतो, त्याच्या पुढचं काही माहीत नसतं. आणि ज्याने हाक मारली पण समोरून ओ आली नाही, तोच स्क्रीनवर ओरडतो. म्हणून एरर आला की "काय बिघडलं" हे विचारायच्या आधी "ओरडतोय कोण" हे विचारायचं. जो ओरडतोय तो जिवंत आहे आणि त्याच्या आधीचे सगळे जिवंत आहेत, भानगड त्याच्या पुढे आहे.

पहिला उठतो तो बायोस. हा मदरबोर्डवरच्या चिपमध्ये राहतो, हार्ड डिस्कशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे डिस्क काढून कपाटात ठेवली तरी कंपनीचा लोगो येणारच. तो रॅम, डिस्प्ले, कीबोर्ड तपासतो आणि मग बूट ऑर्डरप्रमाणे एकेका डिव्हाइसचं दार वाजवतो. "डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टम डिस्क अँड प्रेस एंटर" किंवा "ऑपरेटिंग सिस्टम नॉट फाउंड" असं आलं तर बहुतेक वेळा बायोसच बोलतोय, मला बूट करण्यासारखं काहीच मिळालं नाही असं तो म्हणतोय. इथे विंडोज खराब झालंय असं म्हणायला अजून काही आधारच नाही. आधी बायोसमध्ये जाऊन डिस्कचं नाव दिसतंय का ते बघा. दिसत नसेल तर डेटाची केबल, पॉवरची केबल, मग डिस्क, या क्रमाने. आणि त्याच्याही आधी मागेपुढे कुठे पेन ड्राइव्ह खोचलेला राहिलाय का ते बघा, पूर्वी फ्लॉपी राहायची आता पेन ड्राइव्ह राहतो, "नॉन सिस्टम डिस्क ऑर डिस्क एरर" हा मेसेज मी आयुष्यात जितक्या वेळा बघितलाय त्यात खरोखर डिस्क गेल्याच्या वेळा फार थोड्या.

बायोसला डिस्क सापडली की तो तिचा पहिला सेक्टर, म्हणजे डिस्कवर छोटे छोटे खण असतात त्यातला पहिला, वाचतो आणि त्याच्या हातात कारभार देऊन मोकळा होतो. हा सेक्टर म्हणजे मास्टर बूट रेकॉर्ड, बोलताना आपण एमबीआर म्हणतो. आकार फक्त ५१२ बाइट. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे मराठीत त्यात जेमतेम १७० चिन्हं मावतील, दोन-तीन ओळींतच संपला. त्यातले पहिले ४४६ बाइट प्रोग्रॅम, पुढचे ६४ बाइट पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कचे सी, डीसारखे भाग कुठे आहेत त्याच्या सोळा-सोळा बाइटच्या चार नोंदी, आणि शेवटचे दोन बाइट सहीसारखे. चारच नोंदी म्हणूनच जुन्या विंडोजमध्ये चारच प्रायमरी पार्टिशन करता यायची. या चिमुकल्या प्रोग्रॅमचं काम एकच, चारातलं कोणतं पार्टिशन ॲक्टिव्ह आहे ते बघायचं आणि त्याचा पहिला सेक्टर उचलून आणायचा. त्याला तीनच वाक्यं बोलता येतात, "इन्व्हॅलिड पार्टिशन टेबल", "एरर लोडिंग ऑपरेटिंग सिस्टम" आणि "मिसिंग ऑपरेटिंग सिस्टम". यातलं कुठलंही दिसलं तर डिस्क सापडलीय, निदान पहिला सेक्टर तरी वाचला गेलाय, घोटाळा पार्टिशनच्या नोंदीत किंवा पुढच्या सेक्टरमध्ये आहे.

पुढचा म्हणजे पार्टिशनचा बूट सेक्टर. "ए डिस्क रीड एरर ऑकर्ड" हे वाक्य याचं, आणि "एनटीएलडीआर इज मिसिंग" हेही याचंच. पहिल्याचा अर्थ मला डिस्कवरून पुढचं वाचता येत नाही, दुसऱ्याचा अर्थ मी वाचलं पण एनटीएलडीआर नावाची फाइल जागेवर नाही. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात डिस्क किंवा केबलवर संशय घ्यायचा, दुसऱ्यात बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते. याचं अजून एक भावंड आहे, "एनटीएलडीआर इज कॉम्प्रेस्ड", कोणीतरी जागा वाचवायला पूर्ण सी ड्राइव्ह कॉम्प्रेस करून ठेवला की हे येतं. बूट सेक्टर इतका छोटा की त्याला कॉम्प्रेस केलेली फाइल उलगडायची अक्कल द्यायला जागाच उरलेली नाही.

एनटीएलडीआर मग बूट डॉट आयएनआय नावाची साधी टेक्स्ट फाइल वाचतो, विंडोज कुठल्या डिस्कच्या कुठल्या पार्टिशनवर आहे ते त्यात लिहिलेलं असतं, आणि कर्नल म्हणजे विंडोजचा गाभा, रजिस्ट्री म्हणजे सेटिंगची वही, आणि ड्रायव्हर उचलायला लागतो. "हाल डॉट डीएलएल मिसिंग ऑर करप्ट" आलं तर ती फाइल गेली असेलच असं नाही, बऱ्याचदा बूट डॉट आयएनआयमध्ये पार्टिशनचा नंबर चुकलेला असतो आणि बिचारा चुकीच्या घरात जाऊन शोधत बसतो. व्हिस्टापासून पात्रं बदलली, एनटीएलडीआरच्या जागी बूटएमजीआर आला, बूट डॉट आयएनआयच्या जागी बीसीडी नावाची फाइल आली जी नोटपॅडमध्ये उघडून वाचता येत नाही. हे मला अजून आवडलेलं नाही, पण साखळी तीच.

दुरुस्ती सोपी आहे, घाई महाग आहे

एनटीएलडीआर गायब, एमबीआर खराब, बूट डॉट आयएनआय चुकलेली, या सगळ्याला फॉरमॅट लागत नाही. एक्सपीची सीडी टाकून बूट करा, पहिल्या निळ्या स्क्रीनवर आर दाबा, रिकव्हरी कन्सोल उघडतो. तिथे फिक्सएमबीआर, फिक्सबूट, आणि बूटसीएफजी स्लॅश रीबिल्ड या तीन कमांड, आणि एनटीएलडीआरची फाइल सीडीवरच्या आय३८६ फोल्डरमधून सी ड्राइव्हच्या मुळाशी कॉपी करायची. विंडोज ७ असेल तर डीव्हीडीवरून बूट करून रिपेअर युवर कॉम्प्युटर, त्यात स्टार्टअप रिपेअर, तो एकदा चालवून भागत नाही, दोन-तीनदा चालवावा लागतो कारण दर वेळी तो बहुधा एकच गोष्ट दुरुस्त करतो. तरी नाहीच झालं तर कमांड प्रॉम्प्टमध्ये बूटरेक आणि पुढे स्लॅश फिक्सएमबीआर, स्लॅश फिक्सबूट, स्लॅश रीबिल्डबीसीडी. फिक्सएमबीआर मारताना एक्सपी एक घाबरवणारा इशारा देतो की तुमचा मास्टर बूट रेकॉर्ड नेहमीसारखा दिसत नाही, पुढे जाऊ का. त्या मशीनवर लिनक्सपण असेल किंवा डिस्क लॉक करणारं सॉफ्टवेअर टाकलेलं असेल तर तिथेच थांबा, कारण त्या सगळ्याची सुरुवात त्या ४४६ बाइटांतूनच होत असते.

इथे एक गंमत होते ज्यात चांगले चांगले फसतात. जरा नंतरच्या, साटा डिस्कच्या म्हणजे अरुंद केबलवाल्या मशीनवर एक्सपीची सीडी टाकली की ती म्हणते हार्ड डिस्कच सापडली नाही. लगेच निदान, डिस्क गेली, नवीन घ्या. अहो डिस्क तिथेच आहे, २००१ साली आलेल्या एक्सपीला साटा डिस्कशी बोलायची एएचसीआय नावाची नवी पद्धत म्हणजे काय हेच माहीत नाही. बायोसमध्ये साटा मोड तात्पुरता आयडीई करा, सीडीला डिस्क दिसायला लागते. काम झालं की परत होतं तसं करा, नाहीतर जे होतं ते पुढे सांगतो.

दुसरी डिस्क जोडली आणि लगेच एनटीएलडीआर मिसिंग आलं, हाही नेहमीचा प्रकार. भाच्याने डेटा कॉपी करायला त्याची डिस्क जोडलेली असते आणि बायोस आता त्या डिस्कचं दार वाजवतोय. हार्ड डिस्क प्रायॉरिटी नावाची वेगळी सेटिंग असते, बूट ऑर्डरच्या आत लपलेली, तिथे आपली डिस्क वर आणायची, संपलं.

आणि ती मदरबोर्डवरची गोल बॅटरी, सीआर २०३२, तीन व्होल्टची. ही संपली की घड्याळ मागे जातं हे सगळ्यांना माहीत आहे, पण बायोसच्या सेटिंगही मूळपदावर जातात हे कोणी लक्षात घेत नाही. विंडोज ७ एएचसीआय मोडमध्ये टाकलेलं, बॅटरी संपली, वीज गेली, वीज आली, बायोसने मोड परत आयडीई केला, आता विंडोजचा लोगो येतो, क्षणभर निळं काहीतरी चमकतं आणि मशीन रिस्टार्ट, परत लोगो, परत निळं, परत रिस्टार्ट. वाचायलाही मिळत नाही. त्यासाठी सुरुवातीलाच एफ ८ दाबत राहायचं आणि "डिसेबल ऑटोमॅटिक रिस्टार्ट ऑन सिस्टम फेल्युअर" निवडायचं म्हणजे निळी स्क्रीन थांबून राहते. खाली स्टॉपच्या पुढे शून्य एक्स आणि शेवटी ७बी असेल तर त्याचं नाव इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस. म्हणजे विंडोज अर्धं उठलं आणि ज्या डिस्कवरून उठलं तीच त्याला दिसेनाशी झाली, कारण कंट्रोलरची भाषा बदलली. बॅटरी बदला, मोड परत एएचसीआय करा, विंडोज काही झालंच नाही असं चालू होतं. या एका कारणाने किती मशीन उगाच फॉरमॅट झाली असतील देव जाणे, खर्च एका बटण सेलचा.

वीज गेल्यावरून आठवलं. आपल्याकडे लोडशेडिंगच्या दिवसांत एक मेसेज एवढा यायचा की तोंडपाठ झाला होता, विंडोज सुरू होऊ शकत नाही कारण सिस्टम३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरमधली सिस्टम नावाची फाइल गेलीय किंवा खराब झालीय. ही रजिस्ट्रीची फाइल, विंडोज तिच्यात सतत लिहीत असतं, लिहिता लिहिता दिवे गेले आणि यूपीएसची बॅटरी नावालाच असली की अर्धवट लिहिलेली राहते. आधी एफ ८ दाबून लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन करून बघा. नाहीच झालं तर एक्सपी स्वतःजवळ रिपेअर नावाच्या फोल्डरमध्ये एक जुनी प्रत ठेवतो, पण ती इन्स्टॉल केलेल्या दिवसाची असते, ती टाकली की मधल्या काळात टाकलेली सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर यांची ओळखच पुसली जाते. त्यापेक्षा सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशनच्या आत रिस्टोअर पॉइंटचे स्नॅपशॉट असतात, त्यातली ताजी प्रत काढून टाकलेली बरी. थोडं खटपटीचं आहे, पण काकांसारख्यांचं डोंगलवालं सॉफ्टवेअर परत टाकायची सीडी सापडायची नसते तेव्हा तेच कामाला येतं.

डिस्क मरतेय की केबल मेलीय

आता काकांच्या दुकानात. कॅबिनेट उघडलं, आतली धूळ बघून एक शिंक काढली आणि चालू करून कान लावला. निरोगी डिस्कचा आवाज एकसुरी असतो. ७२०० आरपीएमची म्हणजे तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते, साडेतीन इंची डिस्कमधल्या तबकडीच्या कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास जातो, आणि तिच्यावर हेड काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. धुळीचा साधा कण त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा, म्हणून स्क्रू ड्रायव्हर घेऊन डिस्क उघडणाऱ्याला माझ्याकडून कोपरापासून नमस्कार. काकांच्या डिस्कचा आवाज एकसुरी होता पण मध्येच थबकायचा, एक बारीक टक्, परत थबकायचा, परत टक्. म्हणजे हेड तोच सेक्टर परत परत वाचायचा प्रयत्न करतंय. मोठ्याने खडखड किंवा ठराविक लयीत टॉक टॉक असतं तर मी पॉवर तिथल्या तिथे काढली असती, कारण ते हेडचं दुखणं असतं आणि अशी डिस्क जितकी मिनिटं चालवाल तितका डेटा खरवडला जातो, ती थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे.

नुसत्या कानावर विसंबायचं नाही. लिनक्सच्या लाइव्ह सीडीवरून मशीन चालू केलं, म्हणजे डिस्कवर काही लिहिलं जात नाही, आणि डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट काढला. स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच लिहीत असते ती आजारपणाची डायरी. विंडोज चालू असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर हीच डायरी दाखवतं. त्यात पन्नास ओळी असतील पण चारच बघायच्या. ०५ म्हणजे रीॲलोकेटेड, खराब झालेले सेक्टर जे डिस्कने बाद करून राखीव जागेतले वापरायला घेतले. सी५ म्हणजे पेंडिंग, वाचता येत नाहीत पण अजून निकाल लागलेला नाही असे. सी६ म्हणजे ज्यांच्यावर हात टेकले ते. आणि सी७, हा फार गोड आकडा आहे, कारण तो वाढला तर सहसा डिस्क नाही, केबल खराब असते, डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेत डेटा बिघडतोय असा त्याचा अर्थ. रिपोर्टमध्ये वर मोठ्या अक्षरांत पास्ड किंवा गुड लिहिलेलं असतं त्याच्याकडे बघून खूश होऊ नका. गुगलने २००७ साली आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता, त्यात गेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांत स्मार्टच्या महत्त्वाच्या चार आकड्यांपैकी एकही हललेला नव्हता. उलट बाजूने, तपासणीत पहिला वाचन-दोष सापडला की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क जायची शक्यता बाकीच्यांपेक्षा ३९ पट. म्हणजे रिपोर्ट चांगला आला तर भरवसा नाही, वाईट आला तर मात्र नक्की विश्वास ठेवा.

काकांच्या डिस्कचा सी७ शून्य, सी५ चाळीसच्या वर. केबल निर्दोष सुटली, डिस्क अडकली.

केबलची एक गोष्ट मात्र सांगतोच, कारण ती एक्सपीवाल्यांना फार छळते. एका किराणा दुकानातला बिलिंगचा पीसी, चालू व्हायला दहा-बारा मिनिटं, माऊस पण अडखळत चालायचा, व्हायरस समजून दोनदा फॉरमॅट मारून झालेला आणि दोन्ही वेळा महिन्याभरात पुन्हा तेच. व्हायरस नव्हताच. एक्सपी आयडीई डिस्कशी बोलताना चुका मोजत असतो, टाइमआउट म्हणजे वेळेत उत्तर न येण्याच्या किंवा सीआरसी म्हणजे डेटा वाटेत बिघडल्याच्या सहा चुका झाल्या की वेग एक पायरी खाली आणतो, चुका होतच राहिल्या की आणखी खाली, शेवटी पीआयओ मोड, म्हणजे जिथे सेकंदाला १०० एमबीचा रस्ता होता तिथे फार तर १६ एमबीची पायवाट आणि वर प्रत्येक बाइट उचलायला प्रोसेसर स्वतः हमाल. आणि एकदा खाली आला की आपणहून वर जात नाही! डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई कंट्रोलरखाली प्रायमरी आयडीई चॅनलच्या प्रॉपर्टीज उघडा, ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये करंट ट्रान्सफर मोड बघा. अल्ट्रा डीएमए असेल तर ठीक, पीआयओ असेल तर चोर सापडला. तो चॅनलच अनइन्स्टॉल करा, घाबरू नका, रिस्टार्ट केला की विंडोज परत शोधून काढतं आणि चुकांचा हिशोब शून्यापासून सुरू होतो. पण केबलही बदला नाहीतर महिन्याने परत तिथेच. केबल ८० तारांची, बारीक दातांच्या कंगव्यासारखी घ्या, ४० तारांची जाड रेघांची नको, आणि निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टर म्हणजे मुख्य डिस्कला, मधलं राखाडी स्लेव्ह म्हणजे दुसऱ्या डिस्कला. उंदीर हाही केबलचा शत्रू आहे, पण किराणा दुकानात हे मी सांगायची गरज नव्हती.

चेकडिस्क मारू नका, निदान आत्ता तरी नको

काकांच्या आधी येऊन गेलेल्या एका ओळखीच्या मुलाने सल्ला दिला होता, सीडीवरून चेकडिस्क स्लॅश आर चालवा, बॅड सेक्टर निघून जातील. हे ऐकायला औषध वाटतं. पण चेकडिस्कची निष्ठा फाइल सिस्टमशी आहे, तुमच्या पावतीपुस्तकाशी नाही. त्याला फोल्डरांचा हिशोब जुळवायचा असतो, जुळत नसलेली फाइल तो सरळ कापतो किंवा तुकडे करून फाउंड डॉट ००० नावाच्या फोल्डरमध्ये टाकून देतो, जिथे फायलींना मूळ नावं उरत नाहीत. आणि स्लॅश आर म्हणजे डिस्कचा कोपरान् कोपरा घासून वाचणं, मरायला टेकलेल्या माणसाला जिने चढायला लावण्यासारखं. निरोगी डिस्कवर, वीज गेल्याने गोंधळ झाला असेल तर चेकडिस्क उत्तम. सी५ वर आकडा दिसत असेल तर आधी डेटा बाहेर, मग चेकडिस्क, आणि तेही कॉपीवर. हेच "डू यू वॉन्ट टू फॉरमॅट इट नाऊ" विचारणाऱ्या डब्याला लागू, नो दाबायला पैसे लागत नाहीत. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा नुस्का पण कोणीतरी सांगेलच, बाहेर काढल्यावर आपल्या दमट हवेत तबकडीवर दव धरतं, करू नका.

मी काय केलं तर १६० जीबीची एक चालू आयडीई डिस्क माझ्याकडे पडून होती ती जोडली आणि जीएनयू डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रॅमने सेक्टरला सेक्टर कॉपी सुरू केली. साध्या कॉपी-पेस्टला खराब सेक्टर लागला की तो तिथेच डोकं आपटत बसतो, हा तसा नाही, अडलं की सोडून पुढे जातो, सोपं सोपं आधी उचलतो, अवघड जागांची नोंद एका मॅपफाइलमध्ये ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे परत येतो. मध्ये वीज गेली तरी तीच मॅपफाइल देऊन जिथे होता तिथून सुरू. फक्त एक जागा जिवाची आहे, कुठून कुठे. सोर्स आणि डेस्टिनेशन उलटं टाइप झालं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर कॉपी होते आणि मग खरोखरच फॉरमॅट. मी दोन्ही डिस्कवर चिकटपट्टी लावून सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे लिहितो, स्क्रीनवर जुळवतो, आणि एंटर दाबायच्या आधी एकदा हात मांडीवर ठेवून परत वाचतो, याला कोणी हसलं तरी चालेल.

पहिला हात तासाभराच्या आत झाला, नव्याण्णव टक्क्यांच्या वर. उरलेल्या थोड्याशा जागेसाठी मात्र तो रात्रभर खरवडत बसला आणि सकाळी काही एमबी सोडून सगळं आलं होतं. जुनी डिस्क काढली, कॉपी मास्टर म्हणून लावली, मागचा जंपर म्हणजे मास्टर-स्लेव्ह ठरवणारा छोटा क्लिप बघून, आणि त्या कॉपीवर मग चेकडिस्क चालवलं. एक्सपी आला, वॉलपेपरवर दगडूशेठ आले, डोंगल ओळखला गेला. एका जुन्या बारशाच्या कार्डाची फाइल तेवढी उघडेना, ती काकांनी "जाऊ दे, ते बाळ आता दहावीत आहे" म्हणून सोडून दिली. पावतीपुस्तकं त्याच संध्याकाळी छपाईला गेली. बाकी डेटाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून त्यांच्या मिसेसच्या कपाटात ठेवली, दुकानात ठेवली असती तर चार दिवसांत त्यावर सिनेमे भरले गेले असते.

जुनी डिस्क त्यांनी टाकून दिलेली नाही, काउंटरच्या ड्रॉवरमध्ये आहे, वर मार्करने लिहिलंय "खराब, लावू नये". परवा परत फोन आला. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, "हे बघ, स्क्रीनवर काहीही आलेलं नाही, लोगोपण नाही, नुसता लांब बीप वाजतोय, थांबतो, परत लांब बीप." म्हणजे बायोस स्वतः ओरडतोय, आणि ओरडायला त्याला स्क्रीनपण मिळाली नाही. अशा लांबलचक बीपला मी आधी रॅमवर संशय घेतो, पावसाळ्यात तिच्या सोनेरी पट्ट्यांवर काजळी धरते. "काका, मशीन बंद करून मागची वायर काढून ठेवा," म्हटलं आणि पोराच्या कंपासपेटीतला खोडरबर खिशात टाकून निघालो.